लक्ष्मीनगरची खिडकी

नागपूरला येणाऱ्या पाहुण्याला काय दाखवायचे, हे तिथल्या यजमानांचे ठरलेले असते. सीताबर्डीचा किल्ला बाहेरून, अंबाझरीचा तलाव संध्याकाळी, रामटेक एका दिवसात आणि परत निघताना संत्राबर्फीचा डबा. गेली तीस वर्षे मी लक्ष्मीनगरात ताईकडे जातो आहे आणि हा कार्यक्रम इमानेइतबारे पार पाडतो आहे. दीक्षाभूमी या यादीत नव्हती. ताईच्या घरापासून रमतगमत चालत जाता येते, तरी नव्हती.

दसऱ्याला मुक्काम पडला की मात्र ती आहे हे कळायचे. रात्री जेवणे आटोपून पत्ते मांडावेत, तो लाउडस्पीकरवरची गाणी वाऱ्याबरोबर घरात येत. ताई उठून त्या बाजूची खिडकी लावून घेई. ‘आता दोन दिवस हे असंच,’ असे भाऊजी म्हणत आणि आम्ही पुढचा डाव वाटायला घेत. त्यात कोणाच्या मनात काही वाकडे होते असे नाही. निदान मी तरी तसे कधी तपासून पाहिले नाही.

२०२४ च्या दसऱ्याला मला तिकडे नेले ते माझ्या भाच्याने. हे चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत आणि त्यांच्या कानांत अष्टौप्रहर ‘रॅप’ नावाचा प्रकार चालू असतो. ‘याला गाणे का म्हणतात? ना सूर, ना आलाप. घाईघाईने म्हटलेले गद्य!’ असे मी सकाळच्या चहाला म्हणालो. त्याने वाद घातला नाही. ‘संध्याकाळी चला मामा, पायी जाऊ,’ एवढेच म्हणाला. कुठे, ते सांगितले नाही.

माता कचेरीच्या चौकाच्या दिशेने चालता चालता त्याने मला टूपाक शकूर या अमेरिकन रॅपरची कथा ऐकवली. या पोराची आई, अफेनी, न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लॅक पँथर’ या काळ्या लोकांच्या चळवळीत होती. कटाच्या आरोपावरून तिला धरले, तेव्हा तिने वकील न घेता स्वतःचा खटला स्वतः लढवला, तोही पोटुशी असताना. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि १६ जूनला हा जन्मला. स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या पेरूमधल्या एका बंडखोराचे नाव त्याला ठेवले. पुढे आईला नशेचे व्यसन जडले. घर भाड्याचे, तेही सारखे बदलणारे. बाल्टिमोरच्या कलाशाळेत पोरगा नाटक आणि नृत्य शिकला. १९९१ साली त्याची पहिली तबकडी निघाली. तिच्यात एक गाणे होते ते बारा वर्षांच्या मुलीचे. तिने मूल जन्माला घालून ते कचऱ्यात टाकले होते. ही बातमी त्याने वर्तमानपत्रात वाचली होती.

‘आपल्याकडे बातमी वाचून आपण चहा पितो,’ भाचा म्हणाला. मी चाललो होतो, म्हणून उत्तर द्यावे लागले नाही.

पोरगा संत नव्हता. एका स्त्रीवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यात त्याने १९९५ साली तुरुंगवास भोगला, हे भाच्याने मीच खोदून विचारल्यावर सांगितले. पण त्याच वर्षी आलेले त्याचे आईवरचे गाणे तिच्या व्यसनासकट तिला कवेत घेते. ते २०१० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत दाखल केले. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सहा दिवसांनी तो वारला. वय वर्षे पंचवीस.

‘आपल्याकडे १९७२ साली दलित पँथर निघाली ना, ते नाव याच्या आईच्या पँथरवरूनच घेतलेलं,’ तो म्हणाला आणि थांबला. गर्दी सुरू झाली होती.

गर्दी मी पंढरीची पाहिली आहे. ही वेगळी होती. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, निळे झेंडे, रस्त्याच्या कडेला चटया टाकून बसलेली बिऱ्हाडे. लोक फुकट जेवण वाढत होते आणि घेणारे संकोच न करता घेत होते. आणि पुस्तके! प्रसादाची आणि खेळण्यांची दुकाने असावीत तिथे पुस्तकांची दुकाने, अन् त्यांवर झुंबड. मागे स्तूपाचा पांढरा घुमट उजळला होता. व्यास एकशे वीस फूट, उंचीही तितकीच, आणि आतून पोकळ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या दसऱ्याला, डॉ. आंबेडकरांनी याच माळावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या वेळी ते सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. त्या सीताबर्डीवर मी तीस वर्षे साड्यांची खरेदी करणाऱ्यांच्या मागे पिशव्या धरून हिंडलो.

एका दुकानात वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचे पुस्तक चाळत होतो. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. तरुणपणी मुंबईत गिरणीत काम. चाळीत कोणीतरी पत्र वाचायला दिले आणि वाचता येईना म्हणून ते रडले; मग जिद्दीने अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ साली पहिले गाणे रचले आणि २००४ साली जाईपर्यंत गावोगाव गात राहिले.

‘घ्या जी, चांगलं हाय,’ शेजारून आवाज आला. सत्तरी उलटलेली एक बाई नातवासाठी पुस्तक निवडत होती. दिग्रसकडची. पहिल्या वेळी बापाच्या खांद्यावर बसून आली होती म्हणे.

‘तुम्ही वाचलंय हे?’ मी विचारले.

‘मले कुठं वाचता येते? गान्यातूनच तं सारं समजलं. बाबासायेब कोन, कायदा काय, पोरीले शाळेत कावून घालाव, सारं.’

समोरच्या लहानशा मंचावर एक म्हातारा पेटीवर गात होता. तो उतरला आणि एक पोरगा चढला, टोपी उलटी घातलेला. साज काही नाही. मित्राने तोंडानेच ठेका धरला. पोराने सुरू केले आणि भाच्याने माझ्याकडे पाहिले. तेच घाईघाईचे गद्य! पण त्यात शब्दाला शब्द भिडत होता आणि ओळीच्या शेवटाला टोला बसत होता. शिकवणीची फी, बापाची हातगाडी, भाड्याची खोली दाखवण्याआधी विचारले जाणारे आडनाव, हे सगळे मला त्या गलक्यातही स्वच्छ कळले. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, ज्याला ही पोरे ‘हंड्रेड आरबीएच’ म्हणतात, तो २०२३ साली एमटीव्हीच्या ‘हसल’ स्पर्धेत गाजला, तेव्हापासून आपल्याकडची किती पोरे लिहू लागली, हे भाचा कानाशी ओरडून सांगत होता. म्हातारीची टाचही ठेका धरत होती.

‘समजतं का हो तुम्हाला हे?’

‘न समजाले काय झालं? आमचे जलसेवाले असेच सांगत होते. हा जरा घाईत हाय.’

मग तिने विचारले, ‘तुम्ही कुठं उतरले जी?’

‘लक्ष्मीनगरला. बहिणीकडे.’

‘मंग तं जवळच. गाने ऐकू येत असन तिथवर.’

‘येतात,’ मी म्हणालो.

‘मंग बरं हाय तुमचं,’ ती म्हणाली. खरोखरच बरे वाटून म्हणाली. माझ्या खिशात सकाळची आपट्याची पाने होती. ती तिला द्यावीत की देऊ नयेत हे ठरेना, आणि ती खिशातच राहिली. तिने ‘जय भीम’ केला. माझा हात नमस्काराला गेला आणि तोंडून काय निघाले ते गर्दीत मलाच ऐकू आले नाही.

घरी परतलो तेव्हा पाने वाढलेली होती. जेवताना भाचा गप्प होता. मागाहून कळले की तोही वहीत काही लिहितो. आईला अजून दाखवलेले नाही. पत्ते मांडले, आणि वाऱ्याची झुळूक आली तसा आवाज आला. ताई सवयीने उठली.

‘थांब जरा,’ मी म्हणालो.

ती खिडकीच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. ‘का रे?’

‘शब्द ऐकू येतायत का बघ.’

तिला वाटले मी चेष्टा करतो आहे. पण ती थोडी वाकली. भाऊजींनी हातातली पाने उपडी ठेवली. भाचा दारात येऊन उभा राहिला होता आणि आमच्याकडे नाही, आईकडे पाहत होता.

‘बाई गातेय कुणीतरी,’ ताई म्हणाली. ‘शाळेचं काहीतरी आहे. थांबा, बोलू नका.’