एकास पस्तीस : सेंच्युरियन रणगाड्याच्या किटचे परीक्षण

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून जोडावयाच्या रणगाड्याच्या संचाचे, म्हणजे रूढ भाषेत ‘किट’चे, परीक्षण करताना खोक्यावरील चित्र, भागांची संख्या आणि किंमत यांचीच चर्चा बहुधा अधिक होते, वास्तविक पहिला प्रश्न हा असावयास हवा, की हा संच नेमका कोणत्या वर्षीच्या, कोणत्या रेजिमेंटच्या रणगाड्याचा आहे. एकाच नावाचा रणगाडा वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहतो, त्या काळात त्याची तोफ, इंजिनावरील झाकणे आणि इंधनटाक्या बदलत जातात, आणि ‘सेंच्युरियन’ एवढ्याच नावाने केलेले मूल्यमापन त्यामुळे अपुरे ठरते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने सेंच्युरियन हे याचे उत्तम उदाहरण होय. १९६५च्या सप्टेंबरात खेमकरणजवळील असल उत्ताड येथे ३ कॅव्हलरीने पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशी झुंज दिली ती याच ब्रिटिश बनावटीच्या रणगाड्यांतून. फिलोरा-चविंडाच्या लढाईत मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्या नेतृत्वाखाली पूना हॉर्सने तेच वापरले. आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. तरीही बाजारातील सेंच्युरियनचे संच प्रामुख्याने कोरियातील ब्रिटिश, व्हिएतनाममधील ऑस्ट्रेलियन किंवा इस्रायली सैन्याच्या गाड्यांचे असतात, आणि पूना हॉर्सची गाडी घडविण्याचे काम जोडणाऱ्याच्या माथी येते.

मापाची तपासणी सोपी आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण रूढ झाले ते कोणत्याही गणिती सोयीमुळे नव्हे. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी जर्मन पँथर रणगाड्याची विजेवर चालणारी प्रतिकृती काढली, तिच्यात मोटर आणि बॅटऱ्या मावतील असा आकार ठरविला, आणि नंतर हिशेब केला तेव्हा तो सुमारे पस्तिसाव्या भागाचा निघाला. सेंच्युरियनची रुंदी सुमारे ३.३९ मीटर असल्याने प्रतिकृती ९७ मिलिमीटरच्या आसपास भरली पाहिजे, आणि २० पौंडी तोफेचे ८३.४ मिलिमीटरचे तोंड जेमतेम २.४ मिलिमीटरचे दिसले पाहिजे. मिलिमीटरभराचा फरक डोळ्याला जाणवत नाही, म्हणून मापावरच अडून बसणारे परीक्षण फारसे उपयोगाचे नाही.

खरी पारख पृष्ठभागाची असते. सेंच्युरियनचे धड लाटलेल्या पोलादी पत्र्यांना वेल्डिंग करून बनते, तर टरेट, म्हणजे तोफ बसविलेला फिरता बुरूज, मुख्यतः ओतीव असतो. साहजिकच धड गुळगुळीत आणि टरेट खरबरीत दिसावयास हवे. साच्यातून निघालेल्या पॉलिस्टायरिनमध्ये हा भेद पुष्कळदा पुसट होतो. त्यावर उपाय असा, की टरेटवर द्रव सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक जोडण्याच्या द्रावणाचा, पातळ हात द्यावा आणि प्लॅस्टिक मऊ झाले असतानाच राठ केसांच्या आखूड ब्रशाने हलके टोचे मारावेत; वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर एकदाच फिरविला, की ओतकामाचा पोत उमटतो. छताचा पत्रा मात्र सपाटच ठेवावा लागतो, कारण तो लाटीव आहे. साच्याच्या दोन भागांची शिवण नळीवर राहिली असेल तर ती आधी खरवडून काढावी, आणि सुटे भाग साच्यातून ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसत्या जागी असतील तर परीक्षणात गुण कापावेत.

सर्वांत निर्णायक भाग तोफेची नळी. पूना हॉर्सच्या मार्क ७, म्हणजे सातव्या आवृत्तीच्या, गाड्यांवरील २० पौंडी तोफेच्या नळीवर मध्याच्या सुमारास जाड फुगवटा दिसतो. हा धूरशोषक असून, गोळा सुटल्यावर नळीत उरलेला वायू टरेटमध्ये न येता तोंडावाटे बाहेर पडावा यासाठी त्याची योजना असते. आधीच्या मार्क ३वर तो नव्हता. कोरियन युद्धातील गाडीच्या संचातील अशी साधी नळी भारतीय चिन्हांखाली बसविली, तर रंगकाम कितीही सुबक असले तरी ती १९६५ची गाडी होत नाही. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटविण्याची चिन्हे, भारतीय रेजिमेंटची क्वचितच मिळतात. ती हाताने रंगविण्याची तयारी ठेवावी.

वर्धा जिल्ह्यात हे काम करणाऱ्याला हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा एअरब्रशमधून निघालेला ॲक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि भुकटीसारखा बसतो, त्यामुळे वाळण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर मिसळून पहाटेच रंगकाम उरकावे. उलट पावसाळ्याच्या दमट हवेत लॅकरचा थर दुधाळ पडतो. मातीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. चाकांवर चिखल दाखविण्यासाठी परिसरातली कपाशीच्या शेताची काळी माती सहज हाताशी येते, परंतु खेमकरणची जमीन पंजाबच्या गाळाची, फिकट पिवळसर तपकिरी आहे. असल उत्ताड येथे शेतांत पाणी सोडल्याने पॅटन रुतले होते, म्हणून ओला चिखल आणि वाळलेली धूळ या दोन्ही छटा त्याच मातीच्या हव्यात.

प्रत्यक्ष पडताळणीसाठी जिल्ह्यात जागा नाही. पुलगावचे दारूगोळा भांडार हे देशातील मोठ्या लष्करी भांडारांपैकी एक असले, तरी ते सर्वसामान्यांसाठी खुले नाही. त्यासाठी अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियनसह विजयंता आणि पॅटनही जवळून पाहता येतात. तेथे समोरून छायाचित्र काढण्यापेक्षा चाकांच्या जोड्या, जोडांच्या कडा आणि टरेटचा पोत यांची टिपणे घ्यावीत, आणि गाडी नेमक्या कोणत्या मार्कची आहे हे आधी पाहावे. रंगाबाबत मात्र तेथील गाड्यांवर विसंबू नये. उघड्यावर ठेवलेल्या पोलादाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो, त्यामुळे आकार संग्रहालयातून आणि छटा त्या काळच्या छायाचित्रांतून घ्यावी.