हवा सुटते तिथे

नृसिंहवाडीचा पावसाळा उंबऱ्याबाहेर थांबत नाही. कृष्णा-पंचगंगा फुगल्या की पाणी देवळात शिरतं, दत्तपादुकांवरून जाऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडतं आणि त्या स्नानासाठी सारा गाव धावतो. पूर ओसरतो, ओल मात्र मुक्कामाला राहते. भिंतींत, कपड्यांत, पेटीतल्या क्लॅरनेटमध्येसुद्धा.

सनईला ही काळजी नसते. तिची भोकं वाजवणाऱ्याची बोटंच झाकतात. क्लॅरनेटच्या नळीवर बोट पोचत नाही तिथे चावी आहे, चावीच्या वाटीत लाखेने बसवलेलं पॅड आहे: नमद्याची चकती आणि तिच्यावर प्राण्याच्या आतड्याचं तलम कातडं. जुन्या सपाट चामडी झाकणांतून हवा गळत असे. म्हणून इवान म्युलर या वादकाने लोकर भरलेलं मऊ पॅड वापरलं आणि तेरा चाव्यांचं क्लॅरनेट 1812 साली पॅरिसच्या संगीतशाळेपुढे ठेवलं. परीक्षकांनी ते नाकारलं. बँडमध्ये दिसणारं जुन्या धाटणीचं क्लॅरनेट त्याच नाकारलेल्या वाद्याच्या वंशातलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

पॅड एका रात्रीत जात नाही, हीच खरी अडचण. रोज थोडी हवा सुटते, वाजवणारा नकळत फुंक वाढवतो, ओठ आवळतो आणि वाद्य ठीक आहे असं समजतो. खालचे सूर धरेनात, मध्येच चिरकू लागले, की तो पत्ती बदलतो. दुसरी पत्ती, तिसरी पत्ती. दोष मात्र चावीखाली असतो.

ओळखायचं कसं? वरचा तुकडा वेगळा करावा, भोकं बोटांनी मिटावीत, खालचं तोंड तळव्याने बंद करून वरून हवा ओढावी. ओढ क्षणभर टिकली तर पॅड शाबूत. लगेच ढिली पडली तर कुठेतरी फट आहे. ती नेमकी शोधायला सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरून हळूच ओढावी. चारी बाजूंनी ती सारखी अडली पाहिजे. पॅडवर भोकाची गोल खूण दिसते ती चांगलीच, तिने पॅड बसतं. पण त्या खुणेवर कातडं चिरलेलं, नमदा कडक झालेला किंवा ओलीने फुगलेला असेल तर वाट पाहू नये. श्वासाचं पाणी वरून उतरतं, म्हणून वरच्या चाव्या आधी पाहाव्यात.

एकच फाटलं असेल तर तेवढंच बदलावं. बरीचशी कडक झाली असतील तर सगळी एकदम बदलावीत. जुन्या-नव्यांच्या मिश्रणात दाब सारखा राहत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू होतील, मग सवड मिळणार नाही. बँडवाल्या भावांनो, आश्विनातच पेटी उघडा आणि एकेक पॅड तपासा.