कॉफीचा कप आणि हृदयाची काळजी

आपल्या वस्तीत कुणी ऐन उमेदीतला माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला, की जलदान विधीला जमलेल्या मंडळींत कारणांची चर्चा सुरू होते. ‘रात्रपाळीला कॉफीवर कॉफी प्यायचा, तिनेच घात केला,’ असे एक म्हणतो. दुसरा मोबाइल काढून दाखवतो, की कॉफी हृदयाला अमृतासारखी आहे. सामाजिक कामानिमित्त अशा घरी आमचे नेहमी जाणे होते. त्या माणसाचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, असे आम्ही विचारले, तर बहुतेक घरी कुणाला सांगता येत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले, की एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून ती मानू नका. स्वतः पारखून घ्या. कॉफीच्या बाबतीतही आपण हाच कस लावू या.

कॉफीने पाचव्या शीलाचा भंग होतो काय, असे काही उपासक विचारतात. ते शील मद्यासारख्या बेहोश करणाऱ्या पदार्थांविषयी आहे, असे आम्ही समजतो. कॉफीतील कॅफिन माणसाला जागे ठेवते, बेभान करीत नाही. तेव्हा प्रश्न उरतो तो प्रमाणाचा.

2022 साली ब्रिटनमधील सुमारे साडेचार लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. एवढ्याने कॉफी औषध ठरत नाही, कारण कॉफी पिणाऱ्यांचे खाणेपिणे आणि राहणीमानही वेगळे असू शकते. पण निरोगी माणसाने दोन कप घेतले म्हणून हृदय बंद पडते, ही भीती मात्र बाळगण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी जपानमधून एक इशारा आला. ज्यांचा रक्तदाब 160/100 किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यापैकी रोज दोन किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने मरण्याचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. म्हणजे तोच कप एकाला निर्धोक, तर दुसऱ्याला घातक ठरू शकतो. आपण यांतले कोण, हे रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही; म्हणून तर तो फसवतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या सल्ल्यानुसार दिवसभरात 300 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन पोटात जाऊ नये. इन्स्टंट कॉफीच्या एका कपात ते 50 ते 65 मिलिग्रॅम आणि चहाच्या कपात 30 ते 65 मिलिग्रॅम असते. आपण चहाचा हिशेब धरीत नाही, तोही यात धरावा. जेवणाच्या आधी व नंतर तासभर चहा-कॉफी टाळावी, असेही ही संस्था सांगते, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. पंडुरोगाने थकलेल्या आपल्या माता-भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. गरोदर बाईने तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

आता साखरेकडे पाहू. आपल्या घरची दुधाची, जायफळ घातलेली कॉफी गोडच लागते. कपाला दोन चमचे धरले, तरी पाच कपांत दहा चमचे, म्हणजे 40 ग्रॅमच्या वर साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असलेली बरी. कॉफीला दोष देताना ही साखर आणि सोबतची तंबाखू किंवा विडी आपण सोयीस्कर विसरतो.

झोपेचेही तसेच. 2023 साली अमेरिकेत शंभर माणसांवर एक प्रयोग झाला. त्यात कॉफी घेतलेल्या दिवशी त्यांची झोप सरासरी 36 मिनिटांनी कमी झाली. रात्रपाळीच्या कामगाराला आणि जयंतीच्या बैठकांत जागणाऱ्या कार्यकर्त्याला ही झोप कुठून भरून मिळणार? पाळी सुटण्याच्या आधीचे काही तास तरी कॉफी घेऊ नये.

आणि छातीत कळ आली, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे दुखणे सरकले, दरदरून घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून गरम कॉफी पाजीत बसू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळी मिनिटा-मिनिटाला मोल असते.

रक्तदाब मोजायचे यंत्र आज फार महाग राहिलेले नाही. प्रत्येक विहाराने वर्गणी काढून एक घ्यावे आणि रविवारच्या वंदनेनंतर तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. आकडा जास्त आला, तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात पोहोचते करावे आणि गोळ्या मधेच बंद होणार नाहीत, हे पाहावे. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या घरात माणसे अज्ञानाने मरू नयेत, एवढे तरी आपण करू शकतो.

जयभीम!