बोटीतला रिकामा दिवस

कोकणात आगबोटी चालत, तेव्हा सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघालेला माणूस रत्नागिरीला पोचेपर्यंत कुणाचाच नसे. कचेरीतला साहेब मागे राहिलेला, घरची वडीलधारी अजून पुढे! डेकवर वळकटी पसरून किनारा पाहत बसावे. जंजिरा गेला, सुवर्णदुर्ग गेला. आपण काही करायचे नाही, किनाऱ्यानेच सरकायचे.

१९६४ साली वडील गेल्याची तार खिशात घेऊन मी असाच बसलो होतो. शेजारच्या म्हातारीने काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. दिवसभर मी पोटभर रडून घेतले. दिवेलागणीला रत्नदुर्गाच्या टेकडीवरचा दीपस्तंभ दिसला, पडाव बोटीला लागला. त्यात उतरलो तो घरातला थोरला होऊनच. आईला आधार द्यायला डोळे कोरडे हवे होते. ते तसे झाले होते.

पुढे बोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि मुंबईचा माणूस सहा-सात तासांत घरी पोचू लागला. मोठीच सोय झाली. तरी वाटते, वाईट बातमी आणि घरचा उंबरठा यांच्यामध्ये दिवसभराचा समुद्र असलेला बरा.