दोरांच्या खुणा

कालवा म्हटले की भारतीय वाचकाच्या मनात प्रथम शेत येते. धरणाचे पाणी पाटापाटाने पिकापर्यंत नेणे हेच कालव्याचे काम, असा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. इंग्लंडच्या मध्यभागातून जाणारा ऑक्सफर्ड कालवा मात्र शेतांसाठी खोदलेला नाही. वॉरिकशायरच्या खाणींतला कोळसा दक्षिणेकडे नेण्यासाठी १७६९ मध्ये संसदेने त्याला मंजुरी दिली. १७७८ मध्ये तो बॅनबरीला व १७९० मध्ये ऑक्सफर्डला पोहोचला. आज त्यावरून जातात ती बहुतांशी सुटीवर आलेली माणसे. नॅप्टन ते क्लेडन हा त्यांचा उन्हाळ्यातला एक दिवसाचा प्रवास.

या कालव्यावरील नावेला नॅरोबोट म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. लांबी सत्तर फुटांपर्यंत असली तरी रुंदी सात फुटांच्या आतच, कारण वाटेतली लॉक्स तेवढीच अरुंद आहेत. लॉक म्हणजे चढावर बांधलेला, दोन्ही टोकांना दारे असलेला विटांचा हौद. रिकाम्या हौदात नाव शिरते, मागची दारे मिटतात, वरचे पाणी आत सोडले जाते आणि नाव हळूहळू वरच्या पातळीला येते. नॅप्टनच्या टेकडीवरील पवनचक्की मागे टाकत वर जाणाऱ्या प्रवाशाला अशी नऊ लॉक्स ओलांडावी लागतात. तेथे यंत्राचे साहाय्य नाही. झडपा लोखंडी दांड्याने हातांनीच फिरवायच्या आणि दाराच्या माथ्यावरील अवजड तुळईला पाठ लावून, पाय रोवून मागे रेटायचे. नऊ लॉक्स होईपर्यंत सकाळ सरते.

माथ्यावरचा सपाट टप्पा अकरा मैलांचा आहे. त्याच्या दोन टोकांमधले सरळ अंतर मात्र पाच मैलांहूनही कमी. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याची ती पद्धतच होती. टेकडी फोडण्यापेक्षा तिला वळसा घालावा, समान उंचीची रेषा धरून चालावे, म्हणजे लॉक्सही कमी लागतात आणि खर्चही. वर्मलेटनच्या टेकडीला तर कालवा तीन बाजूंनी वेढतो. तीच टेकडी प्रवाशाला कधी समोर, कधी उजवीकडे, तर कधी मागे दिसत राहते. ब्रिंडलीला लिहिणे जेमतेमच येत असे. पाट काढणाऱ्या शेतकऱ्याला उतार जसा पायांनी कळतो, तशी त्याला भूमी कळत असावी. तो १७७२ मध्ये वारला. पुढचे काम त्याचा मेहुणा सॅम्युएल सिमकॉक याने पाहिले. १८३० च्या सुमारास कालव्याचा उत्तर भाग सरळ करण्यात आला. दक्षिणेचे वळसे तसेच राहिले, आणि आज लोक मुद्दाम येतात ते त्या वळशांसाठीच.

ज्यांनी या वळशांतून दीडशेहून अधिक वर्षे माल वाहिला, त्यांना ते रम्य वाटले असतील असे मानणे कठीण आहे. खेपेवर मजुरी मिळे. वळसा म्हणजे बुडालेला वेळ. रेल्वेच्या स्पर्धेने दर कोसळले, तेव्हा अनेक नावाड्यांनी काठावरचे घर सोडले आणि बायकामुलांसह नावेवरच संसार थाटला. माल ठेवून उरलेली खोली सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद. त्यातच चूल, मिटता येणारा पलंग आणि फळीचे टेबल. या मुलांच्या शिक्षणासाठी १८७७ व १८८४ मध्ये कायदे झाले. परंतु जे घर रोज पुढे सरकते, त्यातल्या मुलाला शाळा कोणती? पिढ्या निरक्षर राहिल्या. त्यांचे वृत्त लिहिले ते मुख्यतः बाहेरच्यांनी.

त्यांपैकी एल. टी. सी. रोल्ट हे प्रमुख. १९३९ च्या जुलैमध्ये ‘क्रेसी’ या नावेतून ते याच कालव्यावरील बॅनबरीहून निघाले. त्या प्रवासावरचे ‘नॅरो बोट’ हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने, म्हणजे १९४६ मध्ये रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी स्थापन केलेल्या संस्थेने, अनेक कालवे बुजण्यापासून वाचवले. परंतु मतभेद होऊन १९५१ मध्ये रोल्ट यांनाच त्या संस्थेतून काढण्यात आले. पुढे १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि आधीच क्षीण झालेली मालवाहतूक जवळजवळ संपली. पाणी राखले गेले. त्यावर जगणारा समाज राखला गेला नाही. केरळात भात वाहणारे केट्टुवळ्ळम जेव्हा पर्यटकांचे तरंगते निवास झाले, तेव्हा तेथेही प्रश्न याहून फार वेगळा नव्हता.

या समाजाचे स्वतःचे असे काय उरले? नावांवर आणि पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब व किल्ले; काही शब्द; आणि पुलांच्या कमानींच्या कडांवरील खाचा. काठावरून घोडा नाव ओढी. चिखलवाळूने माखलेला ओला दोर त्या कडेवरून घासत जाई. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने विटांत, आणि विटा झिजू नयेत म्हणून बसवलेल्या लोखंडातही, बोटभर खोल चरे पडले. मौखिक परंपरांच्या अभ्यासकाला अशा वेळी आपल्या साधनांची मर्यादा जाणवते. लेखनाचा हेतू नसलेल्या या खुणांना लेख म्हणता येत नाही, आणि त्या वगळून या लोकांचा इतिहासही लिहिता येत नाही.

संध्याकाळी क्लेडनची पाच लॉक्स उतरताना प्रवासी थकलेला असतो. त्याच्या खांद्याला दाराचे वजन ठाऊक झालेले असते. तेच वजन नावेवरची स्त्री रोज रेटत असे. तान्हे मूल पाण्यात पडू नये म्हणून तिने ते खोलीच्या छपरावर दोरीने बांधून ठेवलेले असे, आणि दार मिटल्यावर तिला पुन्हा सुकाणू धरायचे असे.