आधी चव, मग पंगत

'बीटा व्हर्जन' हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम झालेला आहे. प्रोजेक्टच्या डेमोला स्क्रीनवर एरर आली की "सर, अजून बीटा आहे" असं सांगून वेळ मारून नेणारे महाभाग प्रत्येक बॅचमध्ये सापडतात. बीटा म्हणजे अर्धवट, बीटा म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री तीन वाजता उरकलेलं काम! मी मात्र २०२५ ची उन्हाळ्याची सुट्टी एका बीटाच्या सहवासात काढली आणि तेव्हापासून या शब्दाबद्दल मला चक्क आदर वाटू लागला आहे.

हा बीटा होता पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा. लाडाचं नाव पोस्टग्रेस. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली याची सुरुवात झाली आणि १९९६ पासून तो आजच्या नावाने ओळखला जातो. सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला. दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात नवी मोठी आवृत्ती येते आणि तिचा पहिला बीटा मे महिन्याच्या सुमारास. मधल्या चार महिन्यांत नवीन सोयी घालणं बंद. फक्त चुका शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रिलिम. फरक एवढाच, की या प्रिलिमचा पेपर कोणीही काढू शकतं. तुम्ही, मी, कोणीही.

आता मला ही उठाठेव कशाला हवी होती? तर आमच्या हॉस्टेलच्या मेसचा हिशोब एका म्हाताऱ्या पीसीवर, पोस्टग्रेसच्या १७ व्या आवृत्तीत आहे. कोणाचं डिपॉझिट किती, कोण किती दिवस घरी होता, कोणाला किती रिबेट, सगळं त्यात. मेस कमिटीचा सेक्रेटरी म्हणून त्याची जबाबदारी माझ्याकडे. वडील आजारी म्हणून महिनाभर गावी राहिलेल्या पोराला रिबेटचे पैसे म्हणजे परतीचं एसटीचं तिकीट असतं. ती नोंद हरवली तर "सिस्टीम अपग्रेड केली" हे उत्तर त्याला द्यायला तोंड हवं ना!

हिशोब बघणारे काका ऐकूनच धास्तावले. म्हणाले, "अरे बाबा, चालत्या गाडीचं इंजिन कशाला उघडतोस?"

म्हटलं, "काका, तुमच्या गाडीला हातसुद्धा लावत नाही. शेजारी दुसरी उभी करतो आणि तिचंच इंजिन उघडतो."

बीटा वापरण्याचा पहिला नियम हाच. खऱ्या डेटावर तो कधीही चालवायचा नाही. मी बॅकअप घेतला, माझ्या मशीनवर उतरवला, नावं आणि फोन नंबर बदलून टाकले. जुना सर्व्हर ५४३२ या पोर्टवर, बीटा ५४३३ वर. दोघे शेजारी, पण चूल वेगळी. बीटा सोर्सवरून बांधला की आधी 'मेक चेक' चालवायचं. प्रत्येक चाचणीचं अपेक्षित उत्तर सोबत दिलेलं असतं. आलेलं उत्तर त्याच्याशी ताडून बघितलं जातं आणि फरक पडला तर तो वेगळ्या फाइलमध्ये लिहिला जातो. पण या चाचण्या त्यांच्या. आपला डेटा, आपल्या क्वेरी, आपल्या सवयी त्यांना कुठून ठाऊक असणार?

पहिल्याच दिवशी प्रसाद मिळाला. जुना डेटा नव्या आवृत्तीत नेणाऱ्या पीजी-अपग्रेडने साफ नकार दिला. कारण सोपं होतं. डिस्कवरच्या प्रत्येक ८ केबीच्या पानावर चेकसम लिहून ठेवायचा आणि वाचताना तपासायचा, म्हणजे डिस्क खराब होत असेल तर लगेच कळतं. १८ व्या आवृत्तीपासून नवा डेटाबेस तयार करताना ही सोय आपोआप चालू असते. आमच्या जुन्यात ती बंद होती आणि दोन्हीकडे सारखं असल्याशिवाय पीजी-अपग्रेड पुढे जात नाही. वाटा दोन. नवीनमध्ये चेकसम बंद करा, नाहीतर सर्व्हर थांबवून जुन्यात चालू करून घ्या. आमच्या पीसीची डिस्क तिच्या आवाजावरून वानप्रस्थाला निघालेली, त्यामुळे दुसरी वाट धरली. हेच ऐन टर्ममध्ये, रात्रीचं जेवण तोंडावर असताना कळलं असतं तर? बीटाने मला काय दिलं, तर तीन महिने आधी सूचना.

मग नावांची यादी. नुसत्या बाइटच्या क्रमाने लावली तर 'क्षितिज' हा 'क' च्या रांगेत जाऊन बसतो आणि 'ज्ञानेश' 'ज' च्या. आपल्या मुळाक्षरांत क्ष, ज्ञ शेवटी. त्यासाठी आयसीयू लायब्ररीचा मराठी क्रम वापरावा लागतो. दोन्ही सर्व्हरवरून याद्या काढल्या, ओळीला ओळ लावून बघितली. जुळल्या. तुम्ही म्हणाल, मग यात काय मिळवलं? अहो, 'सगळं ठीक' हाही चाचणीचा निकालच असतो. आणि देवनागरी नावांची यादी तपासायला दुसऱ्या देशातून कोण येणार आहे? ते आपणच करायचं.

अशा तपासणीने खरंच काही घडतं का? घडतं. १५ व्या आवृत्तीत एसक्यूएल-जेसनच्या बऱ्याच सोयी येणार होत्या, बीटामध्ये आल्याही होत्या. पण आतल्या बांधणीविषयी शंका निघाल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्या सरळ काढून घेतल्या गेल्या. काही २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत आल्या आणि जेसन-टेबल २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत. दोन वर्षं उशीर चालला, पण कच्चं वाढलं नाही.

आणि उलटही घडतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या १४ व्या आवृत्तीत एक चूक सगळ्या बीटांमधून निसटली. काम चालू ठेवून, म्हणजे 'कॉन्करंटली', बांधलेल्या इंडेक्समधून काही ओळी गुपचूप सुटू शकत होत्या. एरर नाही, काही नाही. शोधलं तर नोंद सापडत नाही, इतकंच. ती दुरुस्त झाली जून २०२२ मध्ये, १४.४ ला. बीटात जे कोणी करून बघत नाही, ते पुढे कोणाच्या तरी खऱ्या डेटावर करून बघितलं जातं. त्या रिबेटवाल्या पोराची नोंद अशी सुटली असती तर काकांनी त्यालाच खोटं ठरवलं असतं, आणि काकांचाही त्यात दोष नसता.

चूक सापडलीच तर कळवण्याचीही रीत आहे. "चालत नाही" हे वाक्य निरुपयोगी. आवृत्ती कोणती, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, रिकाम्या डेटाबेसपासून सुरू होणाऱ्या कमीत कमी पायऱ्या, काय आलं आणि काय यायला हवं होतं, एवढं नेमकं लिहायचं. लोकांचा खरा डेटा पाठवायचा नाही. वेग मोजायचा असेल तर असर्शन चालू ठेवून बांधलेली प्रत घ्यायची नाही, ती मुळातच सावकाश चालते. खरं सांगतो, कमीत कमी पायऱ्या शोधता शोधता डेटाबेस जेवढा कळतो, तेवढा आपल्या ओरलच्या तयारीत कळत नाही.

२५ सप्टेंबर २०२५ ला १८ वी आवृत्ती पक्की झाली. आम्ही घाई केली नाही. दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद झाल्यावर, आधी तीनदा गिरवलेल्या पायऱ्या चौथ्यांदा केल्या. अर्ध्या तासात काम संपलं. काकांनी आपल्या लाल वहीतली बेरीज काढली, स्क्रीनवरची बघितली, पुन्हा वही बघितली आणि फक्त "हं" म्हणाले. एवढं मोठं सर्टिफिकेट मला अजून युनिव्हर्सिटीनेही दिलेलं नाही.

तेव्हा ज्युनिअर मंडळी, येत्या मे महिन्यात आंबे खाता खाता एखादा बीटा उतरवून बघा. कोड लिहिता यायलाच हवा असं नाही. आचारी पातेलं उतरवण्याआधी पळीभर आमटी तळहातावर घेतोच ना? मीठ कमी असेल तर ते तेव्हाच कळलेलं बरं. पंगत बसल्यावर नव्हे.