किल्ल्यांचा डबा

दशांशचिन्हाशी माझं जुनं वैर आहे. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो त्या दिवसापासून हा एवढासा ठिपका मला छळतो आहे. एकदा तो दोन घरं सरकला आणि एका पेन्शनर आजोबांना मी दीड दिवसाचा लखपती करून टाकलं. पण हाच ठिपका माणसाला तुरुंगही दाखवू शकतो, हे कळायला मला अमेरिकेत जावं लागलं.

माझा मेव्हणा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. आम्ही गेलो त्याच शनिवारी त्याच्याकडे पार्टी होती. यजमान दारातच पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन उभा. येणारा प्रत्येक जण त्यात काहीतरी खण्णकन टाकून आत जात होता. इथली पद्धत असेल, म्हणून मीही खिशातला एक डॉलर काढून टाकला.

"भाऊजी, दक्षिणा नाही हो, गाडीच्या किल्ल्या!" मेव्हणा म्हणाला. "जो प्यायला त्याला किल्ली परत नाही. बायको चालवेल, नाहीतर टॅक्सी आहे, नाहीतर वर गाद्या घातल्यात."

घरी बोलावलेल्या पाहुण्यांवर एवढा अविश्वास? मला काही ते पटलं नाही. मग भजी खाता खाता त्यानं तिथला कायदा सांगितला आणि मी सवयीनं कागदी रुमालावर हिशेब मांडायला बसलो.

रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल सापडलं की माणूस अडकला. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. (आपल्याकडे ही मर्यादा ३० मिलिग्रॅमचीच आहे. ऊर भरून आला. आपण अमेरिकेपेक्षा कडक आहोत, निदान कागदावर.) एकविशीच्या आतल्या पोरांना तर ०.०१ लाच धरतात. पहिल्या खेपेला दंड २५० ते ४०० डॉलर.

"एवढंच?" मी म्हणालो.

"थांबा, लिहीत राहा."

वर विम्याच्या नावाखाली अधिभार, वर्षाला १,००० डॉलर, असा तीन वर्षं. मुद्दल अडीचशे आणि वर तीन हजार! आमच्या गावच्या सावकारानंही कानाला हात लावला असता. शिवाय निदान १२ तास दारूवरच्या वर्गात बसायचं, न्यायाधीशाच्या मनात आलं तर ३० दिवसांपर्यंत तुरुंग, आणि गाडीला एक यंत्र बसवून घ्यायचं. त्यात फुंकल्याशिवाय गाडी चालूच होत नाही. माझ्या आजीनं चुलीपुढं जन्मभर फुंकणी फुंकली, पण तिला कुणी शिक्षा म्हटलं नाही. तिसऱ्यांदा सापडलात तर १८० दिवस तुरुंग आणि आठ वर्षं लायसन्स नाही. आणि गंमत म्हणजे, कुणाला इजा झालेली नसेल तर हा तिथं फौजदारी गुन्हा नव्हेच, वाहतुकीचा नियमभंग!

श्वास तपासण्याच्या यंत्राची कथा मात्र थेट आमच्या खात्यातली. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं वीस हजारांवर श्वासचाचण्या पुराव्यातून बाद ठरवल्या. का, तर यंत्रं जुळवताना ठरलेल्या थर्मामीटरनं तापमान तपासायचं असतं. ते न तपासताच कागदावर 'तपासलं' असं लिहिल्याचा एका पोलिसावर आरोप होता. न मोजलेल्या बंडलावर सही ठोकायचा मोह काय असतो, ते आम्हालाच ठाऊक.

"पण हे सगळं पिणाऱ्याला," मी म्हणालो. "तू कशाला डबा घेऊन उभा?"

त्यावर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, १९८४ सालच्या एका निकालाची. एका गृहस्थानं घरी आलेल्या पाहुण्याला पाजलं, गाडीपर्यंत सोडायला गेला, दोन शब्द बोलला, गाडी जाताना पाहत उभा राहिला. पुढं त्या गाडीनं एका बाईच्या गाडीला समोरून धडक दिली. बाई जबर जखमी. कोर्ट म्हणालं, पाहुणा झिंगलेला दिसतोय आणि तोच गाडी चालवणार आहे हे ठाऊक असून ज्यानं पाजलं, तो यजमानही भरपाईला जबाबदार.

दुसरी २००० सालची. पोलिसांनी पकडलेल्या एका प्यायलेल्या माणसाला सोडवून न्यायला मित्र आला. मित्रानं त्याला घरी न नेता त्याच्या गाडीपाशीच सोडलं. थोड्याच वेळात त्या गाडीच्या धडकेत आरमारातला एक तरुण अधिकारी, जॉन एलियट, ठार झाला. आता त्याच्या नावाच्या कायद्यानं पोलीस न्यायला आलेल्या माणसाला लेखी ताकीद देतात, आणि गाडी १२ तासांपर्यंत अडकवून ठेवू शकतात.

भजी माझ्या हातातच राहिली.

पंधराएक वर्षांपूर्वी, शाखेतल्या एका निरोपसमारंभानंतर आमचे कॅशिअर झुलत झुलत स्कूटरपाशी आले. स्कूटर सुरू होईना. वयानं मोठा माणूस, नाही कसं म्हणायचं? भिडेपोटी मीच पुढं झालो आणि किक मारून दिली. वर "सांभाळून हं!" असंही म्हणालो. पुढच्या वळणावर ते पडले. गुडघा फुटला. त्यांच्या रजेचा अर्ज मीच लिहिला. कारण : 'पाय घसरून पडल्यामुळे.' साहेबांनी मंजूर केला.

त्याच वळणावर सायकलवरून चाललेल्या एका भाजीवाल्याचा हात मोडला होता. त्याला अर्जही नव्हता आणि रजाही. तो हात पुरता सरळ झाला नाही असं नंतर कानावर आलं. मी भाजी दुसऱ्या बाजारातून आणू लागलो.

हे मी मेव्हण्याला सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "डबा इकडे दे. ह्या कामाचा मला अनुभव आहे."

पार्टी संपली. मेव्हण्याचे एक मित्र तरंगत माझ्यापाशी आले आणि खांद्यावर हात टाकून म्हणाले, "भाऊजी, ती निळ्या फितीची किल्ली काढा बघू. मी एकदम ओके आहे!"

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"साहेब, काउंटर बंद झालाय," मी म्हणालो. "उद्या सकाळी दहानंतर या."

ते चिडले. पण वर गाद्या घातल्याच होत्या.